लाकूड माझं, आवाज त्याचा

आबा,

आज सकाळपासून मी एका गिटारची मान घासतो आहे. गिटार म्हणजे काय, हे तुम्हाला आधी सांगायला पाहिजे. तुमच्या भजनातल्या वीणेची शहरात वाढलेली भाची समजा. गळ्यात अडकवायची, सहा तारा, लांब मान, मानेवर सतारीसारखे पडदे, पण सरकवता येत नाहीत, पक्के ठोकून बसवलेले. आम्ही करतो त्या गिटारीला भोपळा नसतो. पोकळीच नसते. सगळं अंग भरीव लाकूड. तारांच्या खाली लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळून बसवलेली असते. वरची तार हलली की खालच्या गुंडाळीला ते कळतं आणि आवाज वायरीतून अँपमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीत जातो. त्या गुंडाळीला आम्ही कॉइल म्हणतो. म्हणजे आवाज सगळा कॉइलचा, लाकूड नुसतं धरून ठेवायला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. लाकूड माझ्याकडे आहे आणि कॉइल त्याच्याकडे. तो म्हणजे पलूसच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून फर्मा करून घ्यायला आपल्याकडे आलेला. तुमचा तो.

मला तो दिवस अजून दिसतो. उन्हाळा आहे, उसाला पाणी देऊन देऊन विहिरीवरच्या मोटारी जळतायत आणि रिवाइंडिंगवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. तो सायकलवरून येतो, हँडलला पिशवी, पिशवीत जळलेल्या तारेचा काळा गुंता. माझ्याच वयाचा, मिसरूड फुटलेला. पडवीच्या बाहेर चप्पल काढतो. आपल्या कामाच्या जागी येताना चप्पल काढणारा तो पहिलाच. तो तुम्हाला समजावून सांगतो की तार गुंडाळायला लाकडाचा फर्मा लागतो, गुंडाळून झालं की काढून घ्यायचा आणि कॉइल मोटारीत बसवायची. तुम्ही मला म्हणालात, "कर रं." मी केला, मापात केला. तुम्ही तो हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि त्याच्यादेखत मला म्हणालात, "ह्यो कोपरा बघ. तार खरवडंल ह्याच्यावर."

"माप बराबर हाय की, आबा."

"माप बराबर हाय. पर ज्याच्यासाठी करालाईस त्याचा इचार न्हाई त्यात." आणि मग तुम्ही त्याचं बोट धरलंत, माझं नव्हे, आणि त्या कडेवरून फिरवून त्याला विचारलंत, "कुठं लागतंय सांग बरं?" तो म्हणाला, "हितं, मिस्त्री." तुम्ही रंधा घेऊन तेवढीच जागा गोल केलीत. पुन्हा त्याचं बोट. पुन्हा रंधा. मी उभा राहून बघत होतो. तुम्ही मला लाकूड शिकवलंत आबा, सगळं शिकवलंत, त्यात खोट नाही. पण शिकवताना कधी माझं बोट धरलं नाहीत. मनगट धरायचात, आणि तेही चूक झाली की.

पहिल्या दिवशी तो तुम्हाला मिस्त्री म्हणाला. आखाड सरेपर्यंत आबा म्हणायला लागला होता. आणि मग ते जेवण. तो जैनांच्या घरातला, दिवस मावळायच्या आत जेवायचा. काम उशिरापर्यंत चाललं तर उपाशी घरी जायचा. हे तुम्हाला कळल्यावर तुम्ही आईला सांगितलंत, "पोराचं ऊन हाय तवर वाढत जा. कांदालसूण न्हाई घालायचं." आईनं एक वेगळी कढई काढली. तिथपर्यंत मला काही वाटलं नाही, पाहुण्याला करतोच आपण. पण एके दिवशी बघतो तर तुम्हीही त्याच्याबरोबर पाटावर. तुम्ही, जे भजन आटोपल्याशिवाय ताटाला हात लावत नव्हता. मी लहानपणापासून तुमच्यासाठी जेवायचा थांबायचो आणि तुम्ही म्हणायचात, तू जेवून घे. मी अंगणात लाकूड रचत होतो आणि आतून तुमचं बोलणं ऐकू येत होतं. तुम्ही त्याला विचारत होता, वीज म्हंजे नक्की काय असतं रं, दिसत का न्हाई? तो सांगत होता. तुम्ही हसत होता.

तुमचा छोटा रंधा तुम्ही त्याला दिलात. फर्म्याच्या कडा आता तुझ्या तू गोल कर, म्हणालात. मला वाटायचं तो माझा आहे. त्याच्या लाकडावर तुमच्या तळहाताची खोलगट जागा पडली होती, आणि माझा हात त्या जागेत बसतो का हे मी तुम्ही नसताना बघून ठेवलं होतं. बसत होता. आता तो रंधा त्याच्या कुपवाडच्या दुकानात भिंतीवर असतो, भगवंतांच्या फोटोच्या खाली. खंडेनवमीला तो आपल्या गुंडाळायच्या मशीनला हळदकुंकू लावतो आणि रंध्यालाही लावतो. तो सुतार नाही, त्याला रंधा मारता येत नाही, तरी लावतो. मी दर वर्षी बघतो आणि दर वर्षी वाटतं, उचलावा आणि घरी न्यावा. मी प्रसाद घेतो आणि येतो.

आणि शेवटी तर तुम्ही मला बाहेर काढलंत. तुम्ही अंथरुणाला खिळला होता, बोलताना दम लागत होता. तो भेटायला आला, तुमच्या उशाशी बसला. मी पायाशी होतो. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तू जरा भाईर थांब." मी बाहेर गोठ्याजवळ उभा राहिलो. गाईनं माझा हात चाटला, मी तो पुसलाही नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. एवढी वर्षं मी तिथंच उभा आहे, आबा. स्वतःच्या पोराला बाहेर काढून सांगावं असं काय होतं? तुमच्या कामातलं काही मला न सांगितलेलं राहिलं असेल आणि ते त्याला दिलं असेल, असंच मी धरून चाललो. त्याच्या हातून एखादी गोष्ट चांगली झाली की मला वाटायचं, ही त्यातलीच.

तुमच्यानंतर मी कुपवाडला एका फाउंड्रीच्या पॅटर्नशॉपला लागलो. ओतकामासाठी लाकडाचा नमुना करायचा, तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि त्या जागी लोखंड ओतायचं. पंप तयार होतो, जगभर जातो, आणि लाकूड मांडणीवर धूळ खात पडतं. मला ते काम आवडतं. पुढं त्यानंही कुपवाडलाच स्वतःचं दुकान टाकलं. रविवारी तो माझ्याकडे यायचा. कामाशिवाय यायचा. चहा प्यायचा, माझ्या पोरांना चुंबकाचे खेळ दाखवायचा, जायचा. मी त्याच्याकडे फारसा जायचो नाही. माझं तसंच आहे, तुम्हाला माहीत आहे.

गिटारचं खूळ असं सुरू झालं. साताऱ्याचा एक कॉलेजातला मुलगा मुकी झालेली गिटार घेऊन त्याच्या दुकानात आला. आतली कॉइल तुटली होती आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की मोटारवाल्याकडे जा. यानं ती उघडून बघितली आणि त्या रविवारी माझ्याकडे आला तो नाचतच. "मर्दा, ही आपलीच मोटार हाय की! चुंबक, तांबं, बास. फिरत तेवढी न्हाई." कॉइल त्यानं भरून दिली होती, घरच्या शिलाई मशीनच्या चाकावर गुंडाळून. मग म्हणाला, "ऱ्हायलेलं सगळं लाकूडच हाय. तू कर, मी भरतो. आपन आख्खी एक बनवू."

पहिली आम्ही बाभळीची केली. तुम्ही म्हणायचात बाभूळ दगा देत नाही, गाडीच्या चाकाला बाभळीशिवाय लाकूड नाही. मी म्हटलं, एवढ्या तारांचा ताण आहे, बाभूळच पाहिजे. घासून घासून हात सोलले, पण मान वाकडी व्हायची नाही याची खात्री होती. घेऊन साताऱ्याला गेलो. त्या मुलानं पट्टा गळ्यात घातला आणि पुढं झुकलाच. "काका, ही वाजवायची का हिनं नांगरायचं?" सगळे हसले. हा तर इतका हसला की भिंतीला टेकला. "गड्या, आपन बैल आणायचा इसारलो!" मी हसल्यासारखं केलं. आवाज मात्र सगळ्यांना आवडला. म्हणजे कॉइल.

दुसरी शिवणीची केली, आमच्या पॅटर्नशॉपला येतं त्यातल्या लाकडाची. हलकी, सरळ रेषेची, रंध्याखाली लोण्यासारखी. मानेचा सांधा कसा करायचा यावर आमचं वाजलं. मी म्हणत होतो, खाच पाडून सरसानं कायमची बसवायची, तुमच्यासारखी. तो म्हणाला, स्क्रू मार, उद्या बिघडली तर काढता आली पाहिजे. शेवटी स्क्रू मारले. त्याचंच बरोबर होतं. मानेच्या कडा मी गोल केल्या, डोळे मिटून अंगठा फिरवत, कुठंही बोट अडकणार नाही अशा. त्या गिटारीनंतर साताऱ्याहून, मग सांगलीहून, इस्लामपुराहून पोरं यायला लागली. एका मुलीनं आमच्यासमोर बसून वाजवली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आबा. खरंच आला. वाजवून झाल्यावर तिनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "कॉइल कुणी भरली?"

तो पुढं झाला असता, छाती फुगवली असती, तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "कॉइल काय, कुनीबी भरंल ताई. मान बघा, मान! असा हात सगळ्या जिल्ह्यात न्हाई." ती म्हणाली, हो, मान पण छान आहे. त्या 'पण'चं मी काय करू? आणि त्याच्या मोठेपणाचं काय करू? त्यानं माझ्याशी भांडावं, माझ्या वाटणीचं लाटावं, मग मला त्याच्यावर राग धरता येईल. तो तसं काही करत नाही. गुरुवारी मी औदुंबरला जातो, दत्ताच्या पायऱ्यांवर बसतो, नाम घेतो आणि मागतो की हे माझ्या मनातून काढ. उठताना हलकं वाटतं. पलूस येईपर्यंत ते परत आलेलं असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पावसाळा संपता संपता आम्ही साताऱ्याला दोन गिटारी द्यायला गेलो होतो. तिथं पोरांना सरावाला जागा देणारा एक दुकानदार आहे. तो याला म्हणाला, "काका, तुम्ही साताऱ्यातच या. मागची खोली देतो. गिटारी, अँप, सगळी दुरुस्ती तुमच्याकडंच येईल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे काकापण येतील की अधूनमधून." याची मुलगी साताऱ्यातच दिली आहे, नातू चालायला लागला आहे, वहिनींचं सगळं लक्ष तिकडे. परत येताना कराडच्या पुढं आम्ही नेहमीच्या झाडाखाली थांबलो, कारण ऊन उतरत आलं होतं आणि त्याला जेवायचं होतं. त्यानं डबा उघडला, मी माझा उघडला. त्याच्याबरोबर हिंडायला लागल्यापासून मीही दिवस मावळायच्या आत जेवतो.

"जा की मग साताऱ्याला," मी म्हणालो. "नातू दिसंल रोज."

"न्हाई जमायचं."

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई. चटणी घे."

"माझ्यासाठी थांबत असशील तर थांबू नगंस. मला कुनाची गरज न्हाई."

तो भाकरीचा तुकडा हातात धरून हसायला लागला. "आबा हेच म्हनलं हुतं."

"काय म्हनलं हुतं?"

"ह्यो असंच म्हनंल, म्हनलं हुतं." मग त्याचं हसू गेलं आणि त्यानं सांगितलं, इतक्या साधेपणानं की जसं काही मला माहीतच असेल. "तू भाईर गेल्यावर मला म्हनले, माझं पोरगं लाकडात हुशार हाय, मानसांत न्हाई. कुनाला ये म्हनायला जमत न्हाई त्येला. मी गेल्यावर एकटं पडंल. तू येत जा. त्यानं नगं म्हटलं तरी येत जा, सोडू नगंस त्येला. हात दे, म्हनले. दिला."

"म्हनून तू येतोस?"

"मग? शब्द दिलाय न्हवं." आणि चटणीची वाटी त्यानं माझ्याकडे सरकवली.

आबा, तुम्ही त्याला कामातलं काही दिलं नव्हतं. तुम्ही त्याच्या हाती मलाच सोपवलं होतं. दुसरा कुणी असता तर हे ऐकून त्याचा जीव निवला असता. माझा बाप मरताना माझाच विचार करत होता, हे कळायला काय कमी आहे? थोडा वेळ मलाही तसं वाटलं, इस्लामपूर येईपर्यंत. मग मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो आणि एकेक गोष्ट तपासायला लागलो. ते रविवार, तो बिनकामाचा चहा, सगळं शब्दासाठी? माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा तो मिरजेला दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्याशेजारी बसून राहिला. ते तुमच्यासाठी? "तू कर, मी भरतो" म्हणाला, तेही? बाभळीच्या गिटारीवर भिंतीला टेकून हसला, तेवढं तरी त्याचं स्वतःचं असावं असं मला वाटतं. इतकी वर्षं तुमच्यावरून मी त्याच्यावर जळत होतो. आता त्याच्यावरून तुमच्यावर जळतो. माझा म्हणून एकच मित्र होता, तोही तुमचाच निघाला.

तेव्हापासून तो आला की मी त्याच्या तोंडाकडे बघतो. खुशीनं आलाय की पाळी भरायला? काही कळत नाही. तो तसाच आहे. वहिनी मात्र बदलल्या आहेत. परवा त्यांच्या घरी गेलो तर मला चहा देताना म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. माझं ऐकत न्हाईत. लेकीकडं जावं असं मला वाटत नसंल व्हय?" मी म्हणालो, सांगतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं त्यांना सगळं माहीत आहे. साताऱ्याचा दुकानदार फोन करतोय, दिवाळीपर्यंत काय ते सांगा म्हणतोय.

मागच्या गुरुवारी औदुंबरला मी घाटावरच्या म्हाताऱ्या गुरुजींना विचारलं, गेलेल्या माणसाला दिलेला शब्द सोडवता येतो का. ते म्हणाले, "येतो की. तो माणूस नाही, पण त्याचा मुलगा आहे ना? दोघांनी पाण्यात उभं राहायचं. मुलानं ओंजळभर पाणी सोडायचं आणि म्हणायचं, माझ्या वडिलांच्या वतीनं तुला मोकळं केलं. संपलं." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "मुलगा तुम्हीच का?"

मी म्हणालो, "छे, मी आपलं विचारतोय."

देवाच्या दारात खोटं बोललो. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून विचारलं होतं. अवघड असतं तर बरं झालं असतं. तिथून निघून पाणी घेतलं, तोंड धुतलं, आणि ठरवलं की आपल्याच्यानं हे व्हायचं नाही, आबांनीच करावं. त्यांनी त्याला शब्दात बांधलाय, त्यांनीच सोडावा. सगळं लिहून काढायचं, कागदाची घडी करायची आणि पुढच्या गुरुवारी कृष्णेत सोडून द्यायची. तुमची राख तिथंच गेली आहे. पोचेल.

आता लिहून झालं आहे, आणि वाचून बघितल्यावर मला कळतं की तुम्ही काय कराल. तुम्ही त्याच्यावर माया करायचात. तो लेकीपासून लांब आहे, नातवाला भेटत नाही, हे वाचलंत तर तुम्ही क्षणभर थांबणार नाही. त्याच्या स्वप्नात जाल, किंवा अजून कसं सांगायचं असतं तसं सांगाल, आणि त्याला मोकळं कराल. आणि मोकळा झाल्यावर तो येईल की नाही, हे मला बघायचं नाही.

म्हणून हे पत्र मी पाण्यात सोडत नाही. उद्या रविवार आहे. मान घासून तयार आहे, कॉइल घेऊन तो येईल.